शाळेच्या अंगणात आशियाच्या पर्वतरांगांचा मातीचा नकाशा

भूगोलाच्या पुस्तकातला आशियाचा प्राकृतिक नकाशा सपाट कागदावर छापलेला असतो आणि त्यातले पर्वत म्हणजे गडद तपकिरी पट्टे. वर्धा जिल्ह्यातील ज्या खेड्यात मी शिकवतो, तेथून चहूकडे कापूस, तूर आणि सोयाबीनची शेतेच दिसतात. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला सर्वांत मोठा डोंगर म्हणजे सहलीत पाहिलेला चिखलदऱ्याचा. अशा मुलांची काराकोरम, कुनलुन ही नावे पाठ होतात, पण यातला कोणता पर्वत कोणाच्या उत्तरेला, असे विचारले की सगळा वर्ग छताकडे पाहू लागतो. यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे अंगणातला मातीचा उठावाचा नकाशा. तो आम्ही तीन वेळा केला, पहिल्यांदा साफ फसला, आणि त्या फसण्यातून जे उमगले ते धरून ही पद्धत लिहीत आहे.

काम दिवाळीच्या सुट्टीनंतर काढावे, म्हणजे २६ जानेवारीला गावकरी झेंडावंदनाला येतात तेव्हा नकाशा तयार असतो. या दिवसांत पाऊस सरलेला असतो आणि ऊन मवाळ असल्यामुळे माती सावकाश वाळते. सावकाश वाळलेली माती कमी तडकते. जागा साधारण १६ फूट लांब-रुंद, थोडी उंचवट्यावरची आणि पाणी न साचणारी निवडावी. नकाशाची उत्तर ही खरी उत्तरच असली पाहिजे, यासाठी मोकळ्या जागी सरळ काठी रोवून दुपारी तिची सावली सर्वांत आखूड होते ती रेघ आखून घ्यावी. हिवाळ्यात आपल्याकडे ती रेघ बरोबर उत्तरेकडे जाते. एवढा खटाटोप अशासाठी की, मग नकाशावरचे एव्हरेस्ट आणि खरे एव्हरेस्ट आपल्या गावापासून एकाच दिशेला येतात.

आता प्रमाणाचा प्रश्न, आणि येथे घाई करू नये. आशियाच्या मुख्य भूमीचे उत्तर टोक सुमारे ७७ अंशांवर आणि दक्षिण टोक विषुववृत्ताजवळ, सुमारे १ अंशावर आहे; म्हणजे दक्षिणोत्तर अंतर ८,४०० किलोमीटरच्या आसपास भरते. एक सेंटिमीटरला २० किलोमीटर असे प्रमाण धरले, तर हा विस्तार ४२० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १४ फूट होतो. आमच्याकडच्या नकाशासंग्रहात एक सेंटिमीटरला ४०० किलोमीटर असे माप होते. त्यावर पेन्सिलीने एक-एक सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या आणि अंगणात सुतळीने २०-२० सेंटिमीटरच्या चौकटी पाडल्या. पुस्तकातल्या एका चौकटीतली रेघ अंगणातल्या त्याच क्रमांकाच्या चौकटीत चुन्याने उतरवायची, बस. खंड मोठा असल्यामुळे सपाट कागदावर कडेच्या भागांचे माप थोडे बिघडलेले असते. शाळेच्या कामाला ते चालते.

आडवे माप असे ठरले की मुलांना उंचीचे गणित घालावे. एव्हरेस्टची उंची ८८४८.८६ मीटर, म्हणजे पावणेनऊ किलोमीटरहून थोडी अधिक. २० किलोमीटरला एक सेंटिमीटर या मापाने ती किती भरेल? जेमतेम साडेचार मिलिमीटर. पहिल्या वर्षी हे उत्तर निघाल्यावर एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, हा तं तुरीच्या दाण्याएवढाच हाये!” त्याचे म्हणणे खरे होते. खंडाच्या विस्ताराच्या मानाने पर्वत अगदीच ठेंगणे असतात, आणि म्हणून उठावाच्या नकाशात उंचीचे माप मुद्दाम वाढवून घ्यावे लागते. आम्ही एक सेंटिमीटरला ५०० मीटर हे माप घेतले, म्हणजे उंची आडव्या मापाच्या ४० पट फुगवली. ही गोष्ट नकाशाशेजारच्या पाटीवर ठळक लिहून ठेवावी, नाहीतर पोरे असे समजून बसतात की हिमालय भिंतीसारखा सरळसोट उभा आहे.

या मापाने एव्हरेस्ट १७.७ सेंटिमीटर होते, ८६११ मीटरचे के-टू आणि ८५८६ मीटरचे कांचनगंगा दोन्ही १७.२ सेंटिमीटर. मेळघाटातले, चिखलदऱ्याजवळचे वैराटचे टोक सुमारे पावणेबाराशे मीटर, म्हणजे सव्वादोन सेंटिमीटरहून जरासे जास्त. आपले कळसूबाई १६४६ मीटर, ते ३.३ सेंटिमीटर, दक्षिणेतले अनाईमुडी २६९५ मीटर, ते ५.४. नागपूरचे पठार तर अर्ध्या सेंटिमीटरच्या थोडेसेच वर जाते. चिखलदऱ्याच्या घाटात गाडीत मळमळलेल्या मुलाला वैराट बोटाच्या एका पेरात बसलेले दिसले की पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही.

उंची बरोबर यावी यासाठी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या काड्यांच्या, खुंट्या कराव्यात. मागच्या हंगामाची वाळलेली पऱ्हाटी सरपणाच्या गंजीत कोणाकडेही मिळते. त्यातल्या सरळ काड्या निवडून, शिखराची उंची अधिक जमिनीत रोवायचे पाच सेंटिमीटर, अशा लांबीच्या कापाव्यात. एव्हरेस्टची खुंटी २२.७ सेंटिमीटरची होईल. पाच सेंटिमीटरवर गेरूची खूण करावी. ती खूण जमिनीला टेकेपर्यंत खुंटी ठोकली की वर उरते ती नेमकी शिखराची उंची. प्रत्येक खुंटीला नाव आणि उंची लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधावी, आणि एक शिखर एका मुलाच्या नावे करून द्यावे. आमच्या सातवीत प्रत्येकाला एव्हरेस्टच हवे होते. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

माती हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. पहिल्या वर्षी आम्ही शेजारच्या वावरातली काळी माती आणली, कारण ती फुकट होती आणि हातात लोण्यासारखी वळत होती. तिसऱ्या दिवशी तिबेटच्या पठाराला अशा भेगा पडल्या की त्यांत बोट जात होते, आणि हिमालयाचे सहा तुकडे झाले. कपाशीच्या वावराला उन्हाळ्यात भेगा पडतात हे ज्याने जन्मभर पाहिले, त्याने ही चूक करावी याचे मला आजही नवल वाटते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. ती नकाशाच्या कामाची नाही. जुन्या गावठाणाची पांढरी माती, जिने आपल्याकडे घराच्या भिंती लिंपतात, ती दोन घमेली, चाळलेला बारीक मुरूम एक घमेले, गव्हाचे कुटार (भुसा) अर्धे घमेले आणि शेण अर्धे घमेले, हे मिश्रण तुडवून, दोन-तीन दिवस भिजत ठेवून आणि रोज एकदा पुन्हा तुडवून घ्यावे. कुटारामुळे माती धरून राहते. पर्वताच्या पोटात मात्र माती भरू नये. तेथे विटांचे तुकडे आणि जाड मुरूम भरून वर दोन बोटे जाडीचा मातीचा थर द्यावा.

सर्व भूभागावर आधी इंचभर मुरूम पसरून तो ओला करून धुमसाने ठोकून घ्यावा. समुद्राची जागा तशीच खोलगट राहू द्यावी. सगळ्या उंच्या या मुरमाच्या थरापासून मोजायच्या. त्यानंतरची स्वाभाविक इच्छा एव्हरेस्टची खुंटी ठोकण्याची असते, आणि ती आवरावी. माझ्या मते शिखर सर्वांत शेवटी. आशियाचे पर्वत म्हणजे सुटी सुटी देवळांची शिखरे नव्हेत. ते एका गाठीतून सुटलेले दोर आहेत, आणि ती गाठ म्हणजे पामीर. म्हणून पहिली खुंटी पामीरची, ३८ अक्षांश आणि ७३ रेखांशाच्या आसपास, आणि तिला सुतळीचे पाच पदर बांधावेत.

एक पदर नैर्ऋत्येला अफगाणिस्तानकडे जातो, तो हिंदुकुश. त्याची लांबी सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे ४० सेंटिमीटर, आणि त्यावर ७७०८ मीटरचे तिरिच मीर. दुसरा ईशान्येला, तो तिएन शान. जेंगिश चोकुसू हे त्याचे ७४३९ मीटरचे शिखर. तिसरा पूर्वेला, तो कुनलुन, सुमारे ३,००० किलोमीटर, म्हणजे आपल्या अंगणात दीड मीटर. चौथा आग्नेयेला, तो काराकोरम. लांबीला जेमतेम २५ सेंटिमीटर, पण जगातल्या आठ हजार मीटरवरच्या १४ शिखरांपैकी के-टू, ब्रॉड पीक आणि दोन गाशेरब्रुम ही चार त्याच्यावर आहेत. त्याच्या खालून पाचवा पदर, हिमालय. उरलेली दहा शिखरे त्याच्या वाट्याची. खुद्द पामीरवर ७४९५ मीटरचे इस्माइल सोमोनी शिखर आहे, ते ताजिकिस्तानात. सोव्हिएत काळात त्याचे नाव कम्युनिझम शिखर होते, त्यामुळे जुन्या नकाशासंग्रहात ते त्याच नावाने सापडेल.

हिमालयाच्या पदरासाठी आणखी दोन खुंट्या लागतात. पश्चिमेला ८१२६ मीटरचा नंगा पर्वत आणि पूर्वेला ७७८२ मीटरचे नामचा बरवा. या दोन खुंट्यांमधले सरळ अंतर अंगणात साधारण एक मीटर येते. सुतळी मात्र त्याहून अर्धा वीत जास्त घ्यावी आणि सैल सोडावी. ती दक्षिणेकडे ओढली की हिमालयाची चंद्रकोर आपोआप तयार होते. मग नकाशासंग्रह पाहून ती बोटाने जरा इकडेतिकडे सारावी.

मातीचे काम तिबेटपासून सुरू करावे. हे पठार सुमारे २,५०० किलोमीटर लांब आणि १,००० किलोमीटर रुंद, म्हणजे सव्वा मीटर बाय अर्धा मीटर, आणि त्याची सरासरी उंची साडेचार हजार मीटर, म्हणजे नऊ सेंटिमीटर. चार-पाच घमेल्यांत ते भरते. ते घट्ट ठोकून तयार झाले की एव्हरेस्टच्या १७.७ सेंटिमीटरपैकी अर्धी उंची तर या ओट्यातच गेल्याचे मुलांच्या लक्षात येते. उत्तरेकडून पाहिले तर हिमालय ओट्याच्या कडेला ठेवलेल्या उंचवट्यासारखा दिसतो आणि गंगेच्या मैदानातून पाहिले तर भिंतीसारखा. कुनलुनच्या उत्तरेला तारीमचे खोरे दोन-अडीच सेंटिमीटरवरच ठेवावे, आणि तिएन शानच्या पूर्व भागाच्या पायथ्याशी तुर्फानच्या जागी अंगठ्याने एक खळगा दाबावा, कारण ती जमीन समुद्रसपाटीपेक्षाही सुमारे १५४ मीटर खाली आहे.

हिमालयाची माती ओली असतानाच नद्या काढून घ्याव्यात. सिंधू आणि ब्रह्मपुत्रा या दोन्ही कैलास-मानसरोवराच्या परिसरातून, म्हणजे हिमालयाच्या पलीकडून निघतात. करंगळीने सिंधूची रेघ वायव्येकडे ओढत नेऊन नंगा पर्वताला वळसा घालावा आणि दक्षिणेला उतरवावी. ब्रह्मपुत्रेची रेघ पूर्वेकडे नामचा बरवापर्यंत नेऊन तशीच वळवावी. ज्या दोन खुंट्यांनी आपण हिमालयाची टोके धरली, त्यांनाच या दोन नद्या वळसा घालतात, हे बोट फिरवताना जसे कळते तसे फळ्यावर कळत नाही.

आता शिखरे. एव्हरेस्ट आणि ८५१६ मीटरचे ल्होत्से यांच्यातील अंतर तीनेक किलोमीटर, म्हणजे आपल्या मापाने दीड मिलिमीटर. दोन खुंट्या तेथे बसतच नाहीत. ८४८५ मीटरचे मकालू सेंटिमीटरभर अंतरावर येते. म्हणून या तिघांचा एकच गड्डा करून त्याला तीन टोके काढावीत. कांचनगंगा तेथून पूर्वेला सहा सेंटिमीटरवर, आणि ८१६७ मीटरचे धवलगिरी पश्चिमेला १७ सेंटिमीटरवर. धवलगिरीच्या शेजारी दीड-पावणेदोन सेंटिमीटरवर ८०९१ मीटरचे अन्नपूर्णा, आणि या दोघांच्या मधून काली गंडकी वाहते. तिची दरी बोटाने होत नाही. माती अर्धवट वाळल्यावर ताणलेल्या दोऱ्याने चिरावी. आपल्या देवघरातला शाळिग्राम येतो तो या काली गंडकीतून, आणि त्याच्या पोटातले चक्र म्हणजे समुद्रात राहणाऱ्या शंखवर्गीय जीवाचा जीवाश्म होय. भारताचा भूखंड सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला येऊन भिडला आणि मधल्या समुद्राचा तळ उचलला गेला, हे सांगताना आम्ही एका आजींच्या घरचा शाळिग्राम सोवळे सांभाळून लांबूनच दाखवला होता. पाठ त्या दिवशी लवकर उरकला.

खुंट्या लागल्या की मुले हमखास विचारतात की इतक्या उंचावर टेप घेऊन कोण गेले होते. याचे उत्तर आमच्या जिल्ह्यातच पुरलेले आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणांच्या साखळीने भारत मोजण्याचे काम सुरू केले. नागपूरकडे जात असताना १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबरही तेथेच आहे. ते काम पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालवले. त्याच साखळीतून, मैदानातून घेतलेल्या कोनांच्या आधारे, राधानाथ सिकदार यांच्या १८५२ मधील गणनेत ‘शिखर १५’ सर्वांत उंच ठरले; १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली आणि १८६५ मध्ये त्याला एव्हरेस्टचे नाव मिळाले. नेपाळ आणि चीन यांनी २०२० मध्ये जाहीर केलेल्या आकड्याशी त्या जुन्या आकड्याचा फरक सुमारे नऊ मीटरचा आहे. आपल्या नकाशावर तो पोस्टकार्डाच्या जाडीएवढा भरतो. हिंगणघाटाच्या जागी एक बारीक खिळा ठोकून तेथून एव्हरेस्टपर्यंत दोरा लावावा. तो ५८ सेंटिमीटर भरतो, म्हणजे सुमारे साडेअकराशे किलोमीटर.

पश्चिम आशियात दुसरी गाठ आहे, ती आर्मेनियाची. इराणच्या पठाराला उत्तरेकडून एल्बुर्झ आणि नैर्ऋत्येकडून झाग्रोस असे दोन पर्वत कवेत घेतात आणि या गाठीशी एकत्र येतात; गाठीजवळ ५१३७ मीटरचा अरारात. एल्बुर्झवरचा ५६१० मीटरचा दमावंद हा ज्वालामुखी आहे. त्याची माती नरसाळ्यात दाबून उलटी करावी, की सुबक शंकू निघतो. जपानमधल्या ३७७६ मीटरच्या फुजीसाठी, म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या शंकूसाठी, हीच युक्ती लहान नरसाळ्याने चालते. कॉकेशसवरचे ५६४२ मीटरचे एल्ब्रुस आशियाचे की युरोपचे, यावर वाद घालत बसू नये. सीमेवर ठेवून मोकळे व्हावे. उरल सव्वा मीटर लांब काढावा, पण उंचीला कोठेही चार सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये, कारण त्याचे सर्वोच्च शिखरच १८९५ मीटरचे आहे. अल्ताईवर ४५०६ मीटरचे बेलुखा आणि बोर्निओत ४०९५ मीटरचे किनाबालू लावावे. सैबेरियाच्या पूर्वेकडच्या रांगा ओंजळभर मातीच्या वळ्या ठेवून दाखवल्या तरी पुरे.

पहिला थर वाळताना माती बसते, म्हणून खुंट्यांची टोके अर्धा सेंटिमीटर उघडी राहतील. ती तशीच राहू द्यावीत. आठ दिवसांनी शेण-मातीचा पातळ हात फिरवून भेगा बुजवाव्यात आणि त्याच हाताने टोके झाकावीत. हे सारवण आमच्याकडे मुलींच्या आया येऊन करून गेल्या, आणि त्यांच्या हाताला जी सफाई आहे ती आम्हा मास्तरांना साधली नाही.

रंगासाठी मैदानांना हिरवा, पठारांना पिवडी, पर्वतांना गेरू आणि समुद्राला चुन्यात कालवलेली नीळ पुरते. पांढरा चुना मात्र शिक्षकाने स्वतःच्या ताब्यात ठेवावा. मुलांच्या हाती कुंचला गेला की सगळा तिबेट बर्फाने झाकला जातो. वास्तविक हिमालयाने पावसाळी वारे अडवल्यामुळे तो बराचसा कोरडा आणि उघडा प्रदेश आहे. हिमालयात ढोबळमानाने पाच हजार मीटरच्या वर, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या वरच चुना लावावा, आणि तोही शिखरांना. उत्तरेकडे जावे तशी हिमरेषा खाली उतरते, म्हणून नऊ सेंटिमीटरच्या बेलुखाला चुना लागतो. पण आठ सेंटिमीटरचे किनाबालू विषुववृत्ताजवळ असल्यामुळे त्याला लागत नाही.

रात्री नकाशावर ताडपत्री टाकावी आणि भोवती बोराटीच्या काट्यांचे कुंपण करावे. दुसऱ्या वर्षी आम्ही कुंपण लांबणीवर टाकले आणि सकाळी पाहतो तर जगाचे छप्पर म्हणवणाऱ्या पामीरवर एक शेळी बसलेली. उन्हाळ्यात काही होत नाही. मात्र मृगाचा पाऊस पडण्याआधी खुंट्या हलवून काढून घ्याव्यात, चिठ्ठ्या तपासाव्यात, आणि हिमालय, काराकोरम, पामीर अशा वेगवेगळ्या जुड्या बांधून कपाटावर ठेवून द्याव्यात. माती पावसात वाहून जाते. विटांचे तुकडे आणि मुरूम पुढच्या वर्षी तेच वापरता येतात.